गुन्हा हाताचा की जातीचा?

रात्रीतून विहिरीवरची मोटार गेली, गोठ्यातली शेळी गेली, नाही तर केबल कापून कोणी तांब्याची तार लांबवली, म्हणजे सकाळी पारावर जी चर्चा होते ती आमच्या वाचकांस नवी नाही. पाऊल कोणाचे उमटले, कुलूप कसे तुटले, रात्री रस्त्यावर कोणाची गाडी उभी होती, या गोष्टी मागाहून. पहिला प्रश्न निघतो तो हा की, शिवारात पाल कोणाचे पडले आहे? पाल पडलेले असले म्हणजे तपास संपला. "दुसरे कोण? पारध्यांचेच काम!" असे एकजण म्हणतो, दहाजण माना डोलावतात, आणि दुपारी पोलिसांची गाडी पालावर जाऊन दोन तरणी पोरे घेऊन येते. बायका रडत गाडीमागे धावतात. चोरीचा माल सापडो न सापडो, गावाचे समाधान होते. पुढे आठ दिवसांनी खरा चोर आपल्याच भावकीतला निघाला, तर गाव त्याजवर पांघरूण घालते. पोरगा वाईट संगतीने चुकला, त्याचे लग्न व्हायचे आहे, असे म्हणून प्रकरण चार भिंतींत मिटते.

आम्ही विचारतो, पालावरचा पोरगा चोर आणि भावकीतला पोरगा चुकलेला, हा भेद कशाने झाला? हात दोघांचेही सारखेच. ज्याच्या हाताने चोरी केली तो सुटला व ज्याच्या हाताने केली नाही तो कोठडीत मार खाऊन आला. येथे गुन्हा हातास चिकटला नाही, जातीस चिकटला. या आठवड्यात आम्ही याच गोष्टीविषयी चार शब्द लिहिणार आहोत. ते काहींस कडू लागतील. पण जे पत्र वाचकांस नेहमी गोडच बोलते ते वाचकांचे हित करीत नाही, असे आमचे मत आहे.

माणूस जन्माने थोर ठरत नाही, करणीने ठरतो, हा धडा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून बहुजन समाजास दिला. कोणी जन्मतःच पवित्र नाही, तेव्हा जन्माच्या जोरावर आमच्या डोक्यावर बसण्याचा कोणास हक्क नाही, हे शेतकऱ्यास पटले, माळ्यास पटले, साळ्या-कोष्ट्यास पटले. ते पटण्यास सोपे होते, कारण त्यात आपले हित होते. परंतु याच सत्याची दुसरी बाजू आहे व ती आपण सोयीने विसरतो. जन्माने कोणी साधू होत नसेल तर जन्माने कोणी चोरही होत नाही. ही एकाच काठीची दोन टोके आहेत. एक टोक आपल्या पाठीवर बसते म्हणून ते मोडावे, आणि दुसरे टोक पारध्याच्या, कैकाड्याच्या, मांगगारुड्याच्या पाठीवर बसते म्हणून ते आपण हाती धरावे, हा सत्यशोधकाचा न्याय नव्हे.

जन्मावरून चोर ठरविण्याची ही रीत सरकारी कायद्यात कशी शिरली, ते पाहण्यासारखे आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आणणाऱ्या साहेबलोकांचा युक्तिवाद आमच्या कारागीर वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, धंदे जातीजातीने चालतात. त्याच न्यायाने काही जातींचा पिढीजात धंदा चोरी हाच असला पाहिजे, असे त्यांनी ठरविले. जी जन्माची उतरंड पोथीतून उपटून काढण्यासाठी जोतीराव झटत होते, ती साहेबाने उचलून कायद्याच्या पुस्तकात नेऊन ठेविली! सरकारने एकदा जाहीर केले की अमुक जमात गुन्हेगार, म्हणजे ती गुन्हेगार. त्या जाहिरनाम्याच्या खरेखोटेपणाविषयी कोणत्याही कोर्टाने ब्र काढू नये, असे कलम त्याच कायद्यात होते. खुनी माणसासही कोर्टात आपली बाजू मांडता येते. या लोकांस तेवढेही नव्हते.

हा कायदा आरंभी उत्तरेकडे लागू झाला व १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आणता आला. पुढे १९२४ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. नावे नोंदवा, बोटांचे ठसे द्या, रोज हजेरी द्या, गाव सोडणे तर परवाना घ्या, असा तो फास होता. हजेरीस चुकला तर तोच गुन्हा. आजारी बाप पाहण्यास परवान्याशिवाय दुसऱ्या गावी गेला तर तोही गुन्हा. सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी तारांचे कुंपण घालून वसाहती उभ्या केल्या व त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे कोंडली. सोलापुरात त्या जागेस लोक आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. आत कोंडलेले हात गिरण्यांच्या कामी आले. म्हणजे माणूस गुन्हेगार, पण त्याची मजुरी मात्र निर्मळ!

हे लोक मूळचे कोण होते? कैकाडी टोपल्या व कणगी विणीत. टकारी जात्यास टाकी लावीत. आपल्या आजीच्या जात्यावरचे दळण त्यांच्या छिन्नीवाचून बारीक पडत नसे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य देशभर नेत. पारधी रानात फासे लावून तितर-लावे धरी व पिकाची नासाडी करणारे जनावर मारी. पुढे आगगाडी आली व तांड्याचा धंदा बसला. १८७८ चा जंगल कायदा आला व रानात पाऊल टाकणे हाच अपराध झाला. धंदा सरकारने बुडविला, आणि धंदा बुडाल्यावर हे लोक खातात काय, अशी शंकाही सरकारनेच घेतली. ज्याच्याजवळ उपजीविकेचे दिसते साधन नाही तो चोर, हे गणित तेव्हापासून पोलीस ठाण्यात पाठ झाले आहे.

आता कोणी शेतकरी बंधू म्हणेल, हे पालावरचे रडगाणे आम्हांस कशास ऐकविता? त्यास आम्ही १८७५ सालाची आठवण करून देतो. त्या साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांतील खते-रोखे काढून जाळले व ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. तेव्हा सरकारदरबारी गुन्हेगार कोण ठरले? पिढ्यान्पिढ्या खोटे हिशेब लिहिणारा सावकार ठरला नाही. ज्यास ते वाचता येत नव्हते तो कुणबी बेड्या घालून नेला गेला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास त्या काळी तुरुंगातही टाकता येत असे. ती रीत १८७९ च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्यांपुरती बंद झाली. म्हणजे गुन्हेगार कोणास म्हणावयाचे हे देव ठरवीत नाही; ज्याच्या हाती कलम असते तो ठरवितो. एके काळी ते कलम आपल्याविरुद्ध चालले होते. ज्याचे जळते त्यास कळते, असे म्हणतात. आपले तर जळून गेलेले आहे, मग आपणांस का कळू नये?

हजेरीचा फास तोडता येतो हेही आपल्याच मुलखात एका राजाने करून दाखविले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी व बेरड यांच्या मागची हजेरी काढून टाकली. फासेपारध्यांस त्यांनी जवळ केले, राहण्यास जागा दिली, कामास लाविले, पहाऱ्यावर नेमिले. ज्यांच्यापासून घर राखावे असे लोक म्हणत, त्यांच्याच हाती महाराजांनी पहारा दिला. माणसास पोट भरण्याचे साधन व थोडा विश्वास द्या, म्हणजे तो राखणदार होतो, आणि दोन्ही काढून घ्या, म्हणजे तुमच्या भीतीप्रमाणे तो होऊ लागतो. एवढी साधी गोष्ट महाराजांस कळली होती.

मुंबई सरकारने हा कायदा १९४९ साली रद्द केला व ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सबंध देशातून गेला. भटक्या-विमुक्तांचा तो मुक्तिदिन. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. या लोकांस आणखी पाच वर्षे थांबावे लागले. पण कायदा गेला तरी दृष्टी गेली नाही. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. त्यात जातीचे नाव नाही, व्यक्तीचे आहे, हे आम्ही मान्य करितो. परंतु नोंदवही धरणारा शिपाई तोच, ठाणे तेच आणि वहीत जाणारी नावेही बहुधा त्याच पालांवरची. त्याच साली भीक मागण्यास बंदी करणारा मुंबईचा कायदा झाला. त्यात गाणे गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून पैसे मागणे हेही भीक मागण्यात धरले आहे आणि पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद केली आहे. नंदीबैलवाला, डोंबारी, बहुरूपी यांची कला मंचावर झाली तर तिजला सरकारी पारितोषिक. रस्त्यावर झाली तर तिजला कोठडी.

तुरुंगाच्या आत काय चालले होते तेही सांगितले पाहिजे. सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात असे उघड झाले की, स्वराज्य मिळून ७७ वर्षे झाली तरी कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत कैद्यांची कामे जातीवरून वाटण्याची कलमे जिवंत होती. स्वयंपाकास वरच्या जातीचा कैदी, झाडू मारण्यास मेहतर जातीचा, असा हा थाट. विमुक्त जमातींच्या माणसास केवळ जमातीवरून सराईत समजण्याची कलमेही त्यांत होती. न्यायालयाने ही सर्व कलमे घटनाविरुद्ध ठरवून काढून टाकली, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना पुसण्यास सांगितले व राज्यांस तीन महिन्यांत नियम बदलण्याचा हुकूम केला. निकाल उत्तम आहे, परंतु तो २०२४ साली द्यावा लागला, याची लाज आपणां सर्वांस वाटली पाहिजे.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आपल्या राज्यात ती खरी होता होता राहिली, ती हकीगत अशी. जून २००३ मध्ये नाशिकजवळ बागेतल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. मेलेले लोकही गरीब कष्टकरीच होते. पोलिसांनी भटक्या जमातीचे सहाजण धरले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सांगितली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांस फाशी दिली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष सोडले. दरोड्यातून वाचलेल्या बाईने आरंभीच पोलिसांकडील फोटोंतून चार निराळीच माणसे ओळखली होती. त्यांवर खटलाच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकास पाच लाख रुपये देण्यास व तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले. सहा जणांची १६ वर्षे तुरुंगात गेली, त्यांतील बराच काळ मरणाच्या सावलीत. सहांपैकी एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

वाचकहो, यात एकट्या त्या सहा जणांचेच नुकसान झाले असे समजू नका. ज्या कष्टकरी घरातली पाच माणसे मारली गेली त्या घरास तरी न्याय मिळाला काय? खोटा आरोपी धरला की खऱ्यास पळण्यास वाट मिळते. पालावरच्या पोरास धरून तुमच्या चोरीचा तपास संपतो तेव्हा तुमची मोटार नेणारा दुसऱ्या शिवारात तिसऱ्या विहिरीकडे निघालेला असतो. जातीवरून चोर धरण्याची ही रीत अन्यायाची आहे, शिवाय ती शेतकऱ्यास तोट्याचीही आहे.

आणि दोष सगळा पोलिसांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ म्हणाल तर तेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजाराच्या दिवशी आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी खोटी अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरली होती. जमावाने त्या पाचजणांस धरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले व जीव जाईपर्यंत मारले. तेथे कोणी इंग्रज साहेब नव्हता व कोणी भटशाहीही नव्हती. मारणारे हात कष्टकऱ्यांचे होते, मरणारे लोक त्यांच्याहून गरीब होते, आणि ज्या घरात गावाने न्याय करावा त्याच घरात हे झाले. १८७१ चा कायदा पुस्तकातून पुसला गेला, पण तो आपल्या मनात अजून वाचला जातो, याचा याहून मोठा पुरावा आम्ही काय द्यावा?

आता पैशाचा भेद पाहू. कायदा सर्वांस सारखा असे म्हणतात. जामीन मिळणे सारखे आहे काय? कोर्टाने जामीन दिला तरी जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याचे नाव रेशनकार्डावर नाही, त्यास सातबारा कोण देणार? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील एका गवंड्याचा मामला आला. त्यास जामीन मंजूर होता. पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्यास हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडविले व गरिबाच्या ऐपतीबाहेरचा जामीन म्हणजे जामीन नाकारणेच होय, अशा अर्थाचे खडे बोल खालच्या कोर्टास सुनावले. त्यास आता ४५ वर्षांहून अधिक काळ लोटला. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. चार कैद्यांत तीन! आणि या कच्च्या कैद्यांत सुमारे दोन तृतीयांश लोक दलित, आदिवासी व इतर मागास वर्गांतले. शिक्षा ठरण्यापूर्वीच शिक्षा भोगण्याचा हा मान बहुजनांच्याच वाट्याला आला आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक चांगले कलम आहे, ४७९ वे. मरणाची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे सोडून, ज्याने पूर्वी कधी शिक्षा भोगली नाही अशा कच्च्या कैद्याने मोठ्यात मोठ्या शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला तर त्यास सोडावे. परंतु त्याच कलमाच्या पोटात म्हटले आहे की, ज्यावर एकाहून अधिक प्रकरणे चालू असतील त्यास ही सवलत नाही. आता पाहा, पालावरचा पोरगा एकदा ठाण्यात आला की तालुक्यातील न उलगडलेल्या चार चोऱ्या त्याच्या नावावर चढविणे किती सोपे! मग सवलत कागदावर राहते व पोरगा कोठडीत.

दुसरीकडे थोरांचे गुन्हे पाहा. उसाचे पैसे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यावेत, न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असा आदेश १९६६ पासून आहे. पैसे थकतात तेव्हा काय होते? अर्ज होतात, मोर्चे निघतात, सुनावण्या पडतात, मग महसुली वसुलीचे पत्र निघते. शेकडो शेतकऱ्यांच्या घामाचे पैसे अडकविणाऱ्या चेअरमनच्या दारी रात्री पोलिसांची गाडी गेल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. ठेकेदाराने गवंड्यांची सहा महिन्यांची मजुरी बुडविली तर ती "देण्याघेण्याची बाब". गवंड्याने चार पोती सिमेंट उचलले तर ती चोरी. कायद्याचा हात लांब असतो असे म्हणतात. आमच्या पाहण्यात तो खाली वाकताना लांब व वर जाताना आखूड होतो.

कोणी म्हणेल, तर काय चोरांची आरती करावी? मुळीच नाही. शेळी चोरीस गेली म्हणजे विधवेच्या पोरांचे दूध जाते, हे आम्ही जाणतो. पालावर चोर नसतातच असेही आम्ही म्हणत नाही. चोर पालावर असतो, वाड्यात असतो, बंगल्यात असतो आणि क्वचित ठाण्यातही असतो. आमचे म्हणणे एवढेच की, शिक्षा करणीस व्हावी, पुराव्याने व्हावी, आणि ज्याने केली त्यासच व्हावी.

म्हणून आमच्या वाचकांस काही सूचना करितो. पहिली, चोरीची फिर्याद देताना जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा. जातीवरून संशयिताचे नाव देऊ नका. एक नाव लिहून देण्यास क्षण पुरतो, त्याने एका घराची दहा वर्षे जातात. दुसरी, कोणासही अटक झाली तर चोवीस तासांत त्यास मॅजिस्ट्रेटपुढे नेले पाहिजे, अटकेचा कागद झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही झाली पाहिजे, नातलगास कळविले पाहिजे. हे १९९६ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बांधून दिले आहे. पालावरच्या माणसाचा कागद होताना गावातील एखादा शिकलेला मनुष्य नुसता जवळ उभा राहिला, तरी अर्धा मार वाचतो. तिसरी, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे २०१४ साली न्यायालयाने बजाविले आहे. ते ठाण्यात विचारा. चौथी, कोठडीत असलेल्या प्रत्येकास, तसेच दलित, आदिवासी, बायका व गरीब यांस सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते व १५१०० या क्रमांकावर फोन करिता येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्यास ओढून चढविले आहे त्याच्या सोबतीस कोणी तरी चढले पाहिजे.

पाचवी सूचना सर्वांत महत्त्वाची. पालाखालच्या मुलास शाळेत नाव, त्याच्या आईस रेशनकार्ड, त्या घरास गावठाणात जागा आणि मतदारयादीत नोंद, एवढे ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर पुष्कळ होते. ठराव मांडण्यास एक सदस्य लागतो व हात वर करण्यास चार. ज्याचे नाव गावाच्या वहीत आहे त्याचे नाव ठाण्याच्या वहीत सहज चढत नाही. आणि ज्याची सचोटी तुम्हांस ठाऊक आहे असा कोणी भटका मनुष्य विनाकारण अडकला, तर आपला सातबारा घेऊन त्यास जामीन राहा. आपल्या बापजाद्यांस सावकाराच्या दारी कोणी जामीन मिळत नव्हता, ते दिवस आठवा.

सरकारकडे आमचे मागणे थोडके आहे. सराईतांच्या नावाखाली जुनी पाळत चालविणारे कायदे जेथे जेथे उरले आहेत तेथून ते काढावेत. २०२४ च्या निकालाप्रमाणे तुरुंगांचे नियम खरोखर बदलले की नाही, याचा हिशेब लोकांपुढे मांडावा. किती विमुक्त लोक कच्चे कैदी आहेत, त्यांची निराळी मोजणी करून ती छापावी. जे मोजले जात नाही त्याची दाद लागत नाही. गरिबास जामीन देताना जातमुचलका हाच नियम व जामीनदार हा अपवाद धरावा. आणि निर्दोष सुटलेल्यास जी वर्षे गेली त्यांची भरपाई हक्काने मिळावी, कोर्टाच्या कृपेने नव्हे.

हे सर्व सरकारने करावे तेव्हा करो. पारावरचा प्रश्न बदलणे मात्र आपल्या हाती आहे व त्यास कोणाची मंजुरी लागत नाही. पुढच्या खेपेस चोरी होईल तेव्हा "पाल कोणाचे पडले आहे?" असे कोणी विचारील, त्यास तेथल्या तेथे एकाने तरी विचारावे, "पुरावा काय आहे?" तो एकजण आमचा वाचक असावा, एवढीच आमची इच्छा आहे.